घोंगड्यावरचा शब्द

मोठा माणूस गावात येणार म्हटलं की माणसाच्या आधी गावाची हजामत होते. बोरमाळची तशीच झाली. सोयगाव तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला पडलेलं हे गाव. ज्या रस्त्यावरून एसटीसुद्धा कण्हत यायची, त्याला आठवड्याभरात डांबर लागलं. शाळेच्या भिंतीवर मोर नाचायला लागले. का, तर राज्यपाल येणार. दर महिन्याला एखाद्या आडबाजूच्या गावात जायचं, लोकांशी बोलायचं, एक झाड लावायचं आणि ते गाव दत्तक घ्यायचं, असा त्यांचा उपक्रम होता. नावही झकास होतं, 'राज्यपाल आपल्या शिवारी'. शिवार ज्यांचं होतं त्यांना मात्र कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तर सखूबाई बिडगरनं दोन शब्दांत सांगितलं असतं. सखूबाई बोरमाळच्या धनगरवाड्यातली सगळ्यांत थोरली बाई. काळी, काटक, आवाज असा की डोंगराच्या त्या अंगाला गेलेली मेंढी परत फिरावी. नवरा बिरू तिच्या उलट. दिवसाकाठी चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन मेंढ्यांशी. थोरला मुलगा हनुमान शहरात गारखेड्याला राहायचा, रिक्षा चालवायचा. त्याची पोरगी ज्ञानेश्वरी तिथंच कॉलेजात शिकत होती. म्हातारा-म्हातारी मेंढरं सोडून शहरात जायला तयार नव्हती. "तिथं पाणी नळाला येतं म्हून काय झालं? मपल्या मेंढ्यांचं नळाला लावू का तोंड?" असं सखूबाई म्हणायची.

मेंढ्यांचं पाणी म्हणजे गायरानापलीकडचा पाझर तलाव. वाड्यावरून निघायचं, गायरान मधोमध तुडवायचं, की तलाव. सखूबाईची सासू त्याच वाटेनं गेली, सासूची सासू त्याच वाटेनं गेली. कागदावर ती वाट कुठंच नव्हती, पण जमिनीवर ती इतकी ठसठशीत होती की आंधळं कोकरूही चुकलं नसतं.

त्या गायरानावर साहेब लोकांनी राज्यपालांच्या हस्ते लावायची वाटिका आखली. खड्डे खणले, रोपं आली आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण घातलं. एका टोकाला फाटक, फाटकाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली राखणदाराच्या कंबरेला. वाट मधोमध कापली गेली. तलावावर जायचं तर आता डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा.

दौऱ्याची सगळी व्यवस्था जिल्ह्यावरून आलेल्या एका साहेबांकडं होती. गावानं त्यांचं नाव दौरेसाहेब ठेवलं. सखूबाई त्यांना जाऊन भेटली. तिचं म्हणणं काही वाकडं नव्हतं. मेंढी रोप खाते हे तिलाही कळत होतं. "दोन्ही बाजूंनी तार घाला, पण मधून बैलगाडी जाईल येवढी बोळ सोडा. मेंढरं सरळ जातील, सरळ येतील."

"आजी, आधी कार्यक्रम होऊ द्या," साहेब म्हणाले. "नंतर बघू. बरं, तुमच्याकडं ती काळी घोंगडी असते ना? राज्यपाल महोदयांचा सत्कार पारंपरिक पद्धतीनं करायचाय. खांद्यावर घालू, छान दिसेल."

आता इथं बोरमाळच्या धनगरवाड्याची रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. वाड्यात भांडण असो, सोयरीक असो की चराईची वाटणी असो, मधोमध काळं घोंगडं अंथरतात. त्यावर चिमूटभर भंडारा टाकतात. मग ज्याला शब्द द्यायचा तो घोंगड्यावर बसून बोलतो. बसून बोललेला शब्द म्हणजे बिरोबापुढं बोललेला शब्द. त्याला साक्षीदार लागत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की बिरोबाची पुढची जत्रा होईपर्यंत त्या शब्दाची आठवण करून द्यायची नाही. आठवण करून देणं म्हणजे समोरच्याला तोंडावर लबाड म्हणणं. या एका रितीवर वाड्याचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या मिटत आले. कोर्टाची पायरी कुणाला ठाऊक नव्हती.

सखूबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. ती साहेबांना म्हणाली, "घोंगडं खांद्यावर घालू नका. मी अंथरते. त्यांना वर बसवा. आमची हीच रीत हाय."

साहेब खूश झाले. फोटो चांगला येणार होता.

राज्यपाल आले ते गाड्यांचा ताफा घेऊन. परप्रांतातले, पांढरेशुभ्र, बोलायला गोड. रोप लावलं, शाळेतल्या पोरांना लाडू दिले, भरडधान्याचं महत्त्व सांगितलं. मग धनगरवाड्याच्या मांडवात आले. सखूबाईनं स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीचं घोंगडं अंथरलं होतं. तिनं भंडारा टाकला, उरलेला राज्यपालांच्या कपाळाला लावला. गुडघे दुखत असतानाही ते गृहस्थ खाली बसले, हे त्यांच्या नावावर मांडायलाच हवं. कॅमेरे कडाडले.

सखूबाईला हिंदी यायची. शहरात लोकर विकायला जाऊन जाऊन दखनी तिच्या जिभेवर बसली होती. ती म्हणाली, "साब, हमारे मेंढ्यां का पानी का रस्ता तार में चला गया. बस येवढी बोळ चाहिये."

राज्यपालांनी शेजारी पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. राज्यपाल तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "हो जाएगा, अम्मा. मैं कहता हूँ, हो जाएगा."

टाळ्या झाल्या. ताफा धूळ उडवत निघून गेला. त्यांना पुढं कुठं तरी पुस्तकाचं प्रकाशन होतं.

त्या दिवशी सखूबाईनं वाड्यात गूळ वाटला. बिरूनं मात्र आपल्या चार शब्दांतले बरेच खर्च केले. "त्यांना रीत ठावं हाय का आपली?"

"बसले का नाय?" सखूबाई म्हणाली. "बसणाऱ्याला रीत लागू. राजा असला तरी."

इथंच चुकलं. पण तिला कसा दोष द्यायचा? आयुष्यभर ज्या घोंगड्यावर दारुड्यानंही खोटं बोलायची हिंमत केली नाही, त्यावर राज्याचा पहिला माणूस बसून बोलला होता. तिनं विश्वास ठेवायचा नाही तर कुणी ठेवायचा?

दिवस जायला लागले. कुंपण जसंच्या तसं. मेंढ्या वळसा घालून डांबरी रस्त्यानं जात होत्या. गावातले काकासाहेब जमीनदार माणूस, पण वाड्याशी घरोबा; दरवर्षी बिडगरांच्या मेंढ्या त्यांच्या रानात खतासाठी बसायच्या. ते एक दिवस वाड्यावर येऊन म्हणाले, "सखूआक्का, हे काय चाललंय? सव्वीस जानेवारीला ग्रामसभा हाय. त्यात हे कुंपण कायमचं करायचा ठराव येणार. तुम्ही हरकत घ्या. मी संगं उभा राहतो."

"जत्रा झाल्याबिगर नाय, काकासाहेब. शब्द दिलाय त्यांनी."

"आवो, त्यांच्या ध्यानात तरी हाय का?"

"नसंल तर पाप त्यांचं. मी टोचलं तर पाप मपलं."

काकासाहेब कपाळावर हात मारून गेले.

ग्रामसभेत ठराव वाचून दाखवला गेला. वाटिका संरक्षित, कुंपण कायम. "कुणाची हरकत?" काकासाहेबांनी धनगरवाड्याच्या माणसांकडं पाहिलं. सगळी माणसं सखूबाईकडं बघत होती. बिरूचे ओठ हलले, तसा सखूबाईनं त्याचा गुडघा दाबला. कुणी उठलं नाही. ठरावाखाली लिहिलं गेलं, ग्रामस्थांची हरकत नाही. ज्यांच्या मेंढ्या तहानेनं जिभा काढत होत्या, त्यांनीच हरकत घेतली नाही, कारण त्यांना एका मोठ्या माणसाला लबाड म्हणायचं नव्हतं. एवढी अदब राखणारी माणसं या देशात आहेत, आणि त्यांच्या वाट्याला हे येतं.

फाल्गुनात ऊन तापलं. एक दिवस डांबरी रस्त्याच्या वळणावर, ज्या रस्त्याला राज्यपालांसाठी डांबर लागलं होतं त्याच रस्त्यावर, भरधाव पिकअप कळपात घुसली. गाभण मेंढ्या चिरडल्या. बिरू रस्त्यात मधोमध बसून राहिला. एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन तो तिच्या तोंडात बाटलीतलं पाणी सोडत होता आणि पाणी दुसऱ्या बाजूनं वाहून जात होतं. लोकांनी त्याला उचलून बाजूला केलं. तलाव तिथून दिसत होता.

सखूबाई रडली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. काकासाहेब आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता तरी बोला, आक्का."

"जत्रा होऊ द्या," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा कुणाला ऐकू आला नाही.

चैत्रात जत्रा झाली. भंडारा उधळून झाला आणि त्याच दिवशी सखूबाईनं पिशवी भरली. आता रितीनंच तिला बोलायची मोकळीक दिली होती. हनुमाननं फोनवर सांगितलं होतं की राज्यपाल शहरात येणार आहेत. त्यांचा दिवसभराचा कार्यक्रम पेपरात छापून आलाय. सकाळी विमानतळ, मग मानवंदना, मग आढावा बैठक, मग औरंगपुऱ्यातल्या सभागृहात लोककलांचं प्रदर्शन, मग पदवीदान, मग परत विमान. माणूस कुठं श्वास घेणार हेही छापलेलं होतं.

"आई, तिथं पास लागतो," हनुमान गारखेड्याच्या घरात तिला समजावत होता. "आपल्याला कोण आत सोडतंय? आन् ते विसरले असतील आता. रोज शंभर माणसं भेटत्यात त्यांना."

"इसरले?" सखूबाई ताडकन उठली. "मपल्या मेंढ्या मेल्या, म्हातारा जेवायचा बंद झाला, आन् त्यांनी इसरावं? ज्याला ध्यानात ठिवता येत नाय त्यानं द्यावा कामून शब्द?"

ज्ञानेश्वरीच्या कॉलेजातल्या मुलींना पाहुण्यांवर फुलं उधळायला बोलावलं होतं. ती आजीला बरोबर घेऊन गेली. औरंगपुऱ्याच्या गर्दीतून हनुमाननं रिक्षा कशीबशी काढली आणि दोघींना सभागृहाच्या दाराशी सोडलं. दारात पोलीस होते. सखूबाईला अडवणार तोच आतून दौरेसाहेब धावत आले.

"अरे, सोडा त्यांना! या तर आपल्या फोटोतल्या आजी! आजी, बरं झालं आलात. इकडं उभ्या राहा, बॅनरपाशी."

बॅनर भिंतीएवढं होतं. त्यावर राज्यपाल घोंगड्यावर बसलेले, कपाळाला भंडारा, आणि त्यांच्या हातात सखूबाईचा हात. सखूबाई स्वतःच्याच तोंडाकडं बघत राहिली. खाली मोठी अक्षरं होती. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिव्हलंय गं?"

ज्ञानेश्वरी वाचायला लागली. "'संवादातून समाधान. मेंढपाळांच्या पाणवाटेचा प्रश्न जागेवरच मार्गी.'" ती थांबली. तिनं आजीकडं पाहिलं. "आज्जी, वाट झाली व्हय? मला कुणी सांगितलं नाही."

सखूबाईला कळायचं ते कळलं होतं. विसरले असते तर परवडलं असतं. इथं तर कुणी तरी बसून ही अक्षरं ठरवली होती, छापली होती, खिळे ठोकून टांगली होती, आणि त्यांच्या वर तिचा चेहरा चिकटवला होता. न झालेल्या कामाला तिलाच साक्षीदार उभं केलं होतं.

तुताऱ्या वाजल्या. राज्यपाल आले. मुलींनी फुलं उधळली. ते एकेका दालनापाशी थांबत, हात जोडत, "बहुत सुंदर" म्हणत पुढं सरकत होते. बॅनरपाशी आल्यावर साहेबांनी सखूबाईला पुढं केलं. "सर, वही अम्मा."

राज्यपालांचा चेहरा उजळला. ओळखलं की नाही कोण जाणे, पण उजळला खरा. "कैसी हो, अम्मा?"

"साब," सखूबाई म्हणाली. आवाज चांगला खणखणीत होता. "तुम घोंगडे पर बैठ के बोले थे. रस्ता नै खुला."

राज्यपाल थबकले. त्यांनी साहेबांकडं पाहिलं. "क्यों भई, अम्मा का काम हो गया था ना?"

"हो गया सर," साहेब म्हणाले. पापणीही लवली नाही. "पूरा हो गया. रास्ता खुला है."

"देखा अम्मा? हो गया!" राज्यपालांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कव्हा झालं?" सखूबाई ओरडली. "कुणी पाह्यलं?" पण तुताऱ्या परत सुरू झाल्या होत्या. एका पोलीस बाईनं तिला हळूच, अगदी मायेनं, कडेला केलं. राज्यपालांना पदवीदानाला उशीर होत होता. कुणी तिच्या हातात नारळ दिला, तो तिनं तिथंच टेबलावर ठेवला.

रिक्षा परत निघाली. हनुमान आरशातून आईकडं बघत होता. ज्ञानेश्वरी हुंदके देत होती. "आपण काहीच करू शकत नाही का, पप्पा? तोंडावर खोटं बोलला तो माणूस!"

"सोड आता, आई," हनुमान म्हणाला. "मोठ्यांचं असंच असतंय."

गारखेडा जवळ आल्यावर सखूबाईनं विचारलं, "हन्या, त्यो सायब राज्यपालाला काय म्हणला?"

"झालं म्हणला."

"समद्यांदेखत?"

"समद्यांदेखत. ते दृश्य मोबाइलवर पण टाकलंय त्यांनी. मपल्याबी फोनवर आलं."

"मंग झालं," सखूबाई म्हणाली. "रिक्षात पक्कड हाय का तुझ्या?"

त्याच संध्याकाळच्या एसटीनं ती वाड्यावर परतली, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर, चोरून नव्हे, हलगी वाजवत अख्खा धनगरवाडा गायरानावर गेला. काकासाहेबही आले. सखूबाईनं पहिली तार स्वतः तोडली. तारा गुंडाळून नीट बाजूला रचल्या, एका रोपाला धक्का लावला नाही. रोपं तरी काय, निम्म्याहून जास्त वाळून काड्या झाल्या होत्या. त्या काड्यांसाठी कुलूप होतं. बोळीच्या दोन्ही अंगांना काकासाहेबांच्या गड्यांनी बाभळीच्या काटेरी फांद्या लावल्या. राखणदारानं फोन लावला.

दुपारी जीप आली. दौरेसाहेब उतरले, मागून पोलीस उतरला. साहेबांचा चेहरा लालबुंद होता. "कुणी तोडलं हे? शासकीय मालमत्ता आहे! राज्यपालांची वाटिका आहे! एकेकाला आत टाकीन."

"टाका," सखूबाई पुढं आली. "मीच हाय. लिव्हून घ्या. पण आदी हे लिव्हा की काल तुमी राज्यपालाला सांगितलं, वाट मोकळी झाली म्हून."

साहेबांनी पोलिसाकडं पाहिलं.

"झाली होती का नव्हती? व्हती म्हणत असाल तर मी काय तोडलं? मोकळ्या वाटंनं मेंढरं नेली, ह्यो गुन्हा हाय का? नव्हती म्हणत असाल तर तसं सांगा. मी उद्याच राजभवनाच्या दारात जाऊन बसते, आन् तुमच्या सायबांना सांगते की तुमी त्यांच्या तोंडावर खोटं बोललात. दोन्हीतलं कोणतं लिव्हायचं, ते तुमीच सांगा."

काकासाहेबांनी मोबाइल पुढं धरला. त्यातून साहेबांचाच आवाज आला, "हो गया सर, पूरा हो गया." धनगरवाड्याच्या बायका हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतला राग साहेबांना दिसला असावा, कारण त्यांनी टोपी काढून घाम पुसला.

पोलिसानं वही उघडली होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, फिर्याद काय म्हणून घ्यायची?"

साहेबांनी त्याला वही मिटायची खूण केली. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आजी, असं रागानं नको. ते तुमचं घोंगडं आणा. आपण निवांत बसून बोलू."

सखूबाईच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा पाणी आलं. मेंढ्या मेल्या तेव्हाही आलं नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी घोंगडं नाय अंथरायचं आता. काय बोलायचं ते उभ्यानंच बोला."

तेवढ्यात बिरूनं तोंडानं चक्‌चक्‌ आवाज काढला आणि कळप सुटला. साहेबांना आणि पोलिसाला वाटेतून बाजूला व्हावं लागलं. मेंढ्या नव्या बोळीतून तलावाकडं धावत गेल्या आणि पाण्यात गुडघाभर शिरून प्यायला लागल्या.